रुमालाखालचा शब्द

बेल्ह्याच्या एसटी स्टँडसमोर माझा फोनचा बूथ होता, पुढं त्याचंच सायबर कॅफे झालं. दुकान बंद करून बरीच वर्षं झाली, तरी लग्नाकार्यात कुणी भेटलं की म्हणतं, "उषाताई, सांगा की एखादा जुना किस्सा!" आता किस्से माझ्याकडं साठले ते मी लई हुशार म्हणून नाही. काचेच्या केबिनपासून दोन हातांवर माझी खुर्ची होती, एवढंच. लहानपणी एका पायाला पोलिओ झाला म्हणून अपंगांच्या कोट्यातून बूथ मिळाला. पण कान दोन्ही चालायचे ना! लोक आपापल्या माणसांशी बोलायचे आणि साठायचं माझ्याकडं. म्हणजे माझा प्रत्येक किस्सा खरं तर दुसऱ्याच्या मालकीचा. हे आता टोचतं. म्हणून बरेचसे मी सांगतच नाही, काहींतली नावं बदलते, आणि शेवटचा जो आहे तो ज्यांचा त्यांना विचारून सांगतेय.

*

नव्वदीतली गोष्ट. बाजाराच्या दिवशी घाटघरचा भिवाजी नावाचा म्हातारा बैल बघायला आला होता. पार नाणेघाटाजवळून, दोन एसट्या बदलून. त्याला मुंबईला पोराला फोन लावायचा होता.

"खाजगी हाय," तो म्हणाला.

मी केबिनकडं बोट केलं. त्यानं आत जाऊन दार लावलं, लागलंय का ते ओढून बघितलं, माझ्याकडं पाठ केली, रिसीव्हरवर आडवा हात धरला आणि तारेशिवायच मुंबईला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "आरं, आपल्या सगुणीचं जमलं! पर आताच कुणाला बोलू नगंस!"

स्टँडवर जुन्नरची गाडी लागली होती. तिच्यातली माणसं खिडकीतून वाकून बघायला लागली.

म्हातारा बाहेर आला तर चहावाला म्हणतो, "अभिनंदन बरं का बाबा!" पेरूवाली म्हणते, "कुठं दिली पोरगी?" भिवाजी थिजलाच. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "ताई, आत्ता तर बोललो! तुमी लगेच सांगून बी टाकलं व्हय?"

सगळे हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू. पण पुढच्या बाजाराला तो आला तेव्हा त्यानं फोन केला नाही. स्टँडवर ऐकलेलं कुणीतरी नवऱ्या मुलाच्या घरी आधीच पोचवलं होतं. "आमची बोलणी पुरी व्हायच्या आत गावभर केलं," म्हणून ते लोक रुसले आणि सगुणीचं मोडलं. भिवाजीनं मला काही बोल लावला नाही. तो बाकावर बसून गाडीची वाट बघत राहिला.

त्या संध्याकाळी मी घरची जाड गोधडी आणून केबिनला आतून टांगली. उन्हाळ्यात आत माणूस उकडून निघायचा, शिव्या द्यायचा. मी काही ती काढली नाही.

*

दोन हजार सालाच्या आसपास दुकानात कॉम्प्युटर आले. पहिला ई-मेलचा पत्ता जयश्रीनं काढला. जुन्नरला बी.एस्सी. करणारी, कमी बोलणारी पोरगी. तिचे वडील सोपानराव म्हणजे बेल्ह्याच्या बाजारातले नावाजलेले हेडी, जनावरांचे व्यापारी. खांद्यावर कायम पांढरा टॉवेल.

हा टॉवेल घाम पुसायला नसतो बरं. बाजारात बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. देणारा आणि घेणारा एकमेकांचा हात धरतात, वर टॉवेल नाहीतर रुमाल टाकतात आणि आत बोटांवर भाव ठरतो. भोवती ही गर्दी, पण काय ठरलं ते दोघांनाच माहीत. पटलं की एक जण विचारतो, "जमलं?" दुसरा म्हणतो, "जमलं!" मगच रुमाल उचलायचा. तोवर तिसऱ्यानं त्याला हात लावला तर हाणामारी होते.

तर जयश्री मेल उघडत होती आणि सोपानराव मागं उभे.

"हितं चांदण्या का पडत्यात गं?"

"आण्णा, तो पासवर्ड. माझा शब्द मलाच माहीत पाहिजे, दुसऱ्याला दिसू नये म्हणून."

सोपानरावांनी जरा विचार केला आणि मांडीवर थाप मारली. "मंग असं सांग की! ह्यो रुमाल हाय!" परत खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "पर बोटं उघडीच हायेत की. रुमाल बोटांवर पाहिजे."

त्या दिवसापासून माझ्या दुकानात पासवर्ड हा शब्द कुणी वापरला नाही. "ताई, माझा रुमाल विसरला!" "ताई, नवा रुमाल करून द्या!" एकदा पुण्याचा औषध कंपनीचा माणूस शेजारच्या मशीनवर बसला होता. एक शेतकरी वैतागून ओरडला, "काय राव, रुमालच लागंना!" त्या भल्या माणसानं खिशातून स्वतःचा काढून पुढं केला आणि म्हणाला, "हा घ्या, धुतलेला आहे."

*

रुमाल ठेवायचा तर लक्षातही ठेवावा लागतो. आमच्या लोकांना ते होईना. निम्म्या गिऱ्हाइकांचा रुमाल 'सर्जा' होता, उरलेल्यांचा 'राजा', आणि तरीही विसरायचे! स्पेलिंगमध्ये घोळ व्हायचा.

शेवटी मी एक वही केली. डावीकडं नाव, उजवीकडं रुमाल. वहीला दोरा ओवून टेबलाशेजारच्या खिळ्याला टांगली. कुणी आलं की वही काढायची आणि वाचून दाखवायचं. मला तर त्या वहीचा अभिमान होता!

हिंगे सरांनी ती बघितली. सर अवसरी बुद्रुकचे, हायस्कूलमध्ये गणित शिकवायचे. बहीण बेल्ह्यात दिलेली, म्हणून बाजाराच्या दिवशी मोटरसायकलवरून यायचे आणि माझ्याकडं तासभर बसायचे.

"उषाताई, हे काय टांगलंय?"

"रुमालांची वही."

"रुमाल म्हणता आणि खिळ्याला टांगता?"

मी चिडले. मला राग पटकन येतो. म्हटलं, "सर, शाळेतलं शाळेत. लोकांचा माझ्यावर विश्वास आहे."

"तुमच्यावर आहे ना? मग खिळ्यावर कशाला ठेवलाय?"

मी त्यांच्याशी दोन बाजार बोलले नाही. वही तिथंच राहिली.

*

जयश्री बी.एस्सी. झाली. पुण्यातल्या एका मोठ्या दवाखान्याच्या लॅबमध्ये शिकाऊ म्हणून जागा होती, राहायची सोयसुद्धा. तिनं माझ्याच दुकानातून अर्ज केला. दर दोन दिवसांनी यायची, मेल बघायची, उठून जायची.

एके दुपारी तिचा थोरला भाऊ संतोष आला. "ताई, जयाचा मेल बघायचाय. ती कांद्यात गुंतलीय, तिनंच धाडलंय मला."

यात वावगं काय, असं मला वाटलं. भाऊच तो. मी खिळ्यावरची वही काढली आणि तिचा शब्द त्याला वाचून दाखवला. त्याला टाईप येईना, तर टाईपसुद्धा मीच केला. पुढं एसटीडीचं गिऱ्हाईक आलं म्हणून मी काउंटरवर गेले. जरा वेळानं त्यानं तिथूनच विचारलं, "ताई, 'मला येता येणार न्हाई' हे इंग्लिशमधी कसं ल्हेत्यात?"

त्याला पुण्याच्या मित्राचं लग्न चुकवायचं असेल, असं मी धरून चालले. बिलाचा कागद फाडता फाडता मी त्याला सांगितलं, "आय एम नॉट एबल टू कम." त्यानं अक्षरं विचारली, मी एकेक करून सांगितली.

तीन आठवड्यांनी जयश्री माझ्यासमोर बसली होती. पत्र का येत नाही म्हणून तिनं सगळं धुंडाळलं. मग पाठवलेल्या पत्रांचा कप्पा उघडला.

"हे मी नाय लिहिलं," ती म्हणाली.

मी लंगडत तिच्या मागं गेले. दवाखान्याचं आलेलं पत्र पुसलेलं होतं, पण उत्तराला जोडलेली त्याची नक्कल पडद्यावर होती: अमुक तारखेला हजर व्हा. ती तारीख उलटून गेली होती. खाली तिच्या नावानं उत्तर. एकच ओळ. ती ओळ मी ओळखली. ती माझी होती.

मी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती रडेल, ओरडेल, चार माणसांत माझा उद्धार करेल. केला असता तर बरं झालं असतं. तिनं मशीन बंद केलं, ओढणी नीट केली आणि म्हणाली, "ताई, तुमी मला एकदा विचारायचं तरी."

*

ती वही मी चहावाल्याच्या भट्टीत घातली. त्यानं विचारलं, "काय जाळताय?" म्हटलं, "माझी हुशारी."

बाजाराच्या दिवशी मी सोपानरावांना गाठलं. ते एका जोडीशेजारी उभे होते, टॉवेलखाली हात, सौदा चाललेला. मी चिखलात उभी राहिले. टॉवेल उचलला तेव्हा त्यांनी मला बघितलं. माझं कधी बाजारात येणं नाही, त्यामुळं ते घाबरलेच.

मी सांगितलं. संतोषचं नाव घेतलं आणि माझंही.

"म्हंजी तिनं नको म्हनलं नव्हतं?"

"नाही."

सोपानराव बैलाच्या गळ्यावर हात ठेवून उभे राहिले. "संत्या म्हनला, जयालाच जायचं नाय. ताई, मी तर खूश झालो व्हतो. पोरगी घरात राहती म्हनून मी नारळ फोडला." परत म्हणाले, "नारळ फोडला मी."

नंतर मी कितीतरी लोकांची बोलणी खाल्ली, पण त्या नारळानं जेवढं लागलं तेवढं कशानं नाही.

*

मी हिंगे सरांकडं गेले आणि म्हटलं, "सर, तुमचं बरोबर होतं." दुसरं कुणी असतं तर वर्षभर ऐकवलं असतं. सर तेव्हा त्यांच्याच दुःखात होते.

घाटघरच्या बाजूला भाताच्या जेवढ्या जुन्या जाती होत्या, त्यांची नावं सर म्हाताऱ्या बायांकडून गोळा करत. कुठली खाचरात येते, कुठली माळाला, कुठली बाळंतिणीला घालतात. चार वर्षं माझ्याच एका मशीनवर त्यांनी ते टाईप केलं होतं. तेव्हा मराठी टाईप करायचं सॉफ्टवेअर यायचं आणि त्याच्यासोबत मशीनच्या पाठीला लावायचं एक बोटाएवढं कुलूप. ते असलं तरच मराठी दिसायचं. एका गिऱ्हाइकाचा पाय लागून ते मोडलं. फायली उघडल्या तर नुसती इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम आणि कंस!

सरांनी कंपनीला फोन लावला, गोधडीमागच्या केबिनमधून. बाहेर आले तेव्हा सरांचा चेहरा पडला होता. "म्हणाले, ते बंद झालंय. नवीन घ्या, पण जुनं उघडेल याची खात्री नाही." मग खुर्चीत बसून म्हणाले, "शब्द त्या बायांचे, टंकले मी, आणि किल्ली तिसऱ्याकडं? आणि मी इतकी वर्षं कधी विचारलंच नाही!"

ज्या आजीनं सगळ्यात जास्त नावं सांगितली होती ती तोवर वारली होती. परत जाऊन विचारायची सोय नव्हती.

सरांचा एक जुना विद्यार्थी पुण्यात इंजिनिअर होता. त्यानं सीडी दिली, लिनक्सची, म्हणजे मशीन चालवायच्या सॉफ्टवेअरची. जगभरची माणसं मिळून हे बनवतात, आतलं सगळं उघडं ठेवतात, कुणीही बघावं, दुरुस्त करावं, दुसऱ्याला द्यावं. सरांनी वहीत तक्ता मांडला: कोणत्या इंग्रजी खुणेच्या जागी कोणतं मराठी अक्षर. त्या पोरानं त्यावरून छोटा प्रोग्रॅम लिहिला. दोन महिने गेले. एके दिवशी दुपारी पडद्यावर पहिलं नाव उमटलं: रायभोग.

सरांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसत बसले. मी चहा सांगायला बाहेर गेले.

*

सरांनी मग माझ्या चारही मशीनवर लिनक्स टाकलं. गिऱ्हाईक बिथरलं.

"ताई, ह्ये कसलं नवीन? फुकटचं हाय म्हनं? चोरीचं न्हाई ना?"

"चोरीचं आधीचं विंडोज होतं. ह्ये नाही."

"मंग चोरीचंच बरं व्हतं की! चालत तर व्हतं!"

सरांनी एक युक्ती करून दिली होती. प्रत्येकानं 'पावणं' या नावानं आत जायचं. माणूस उठला की त्यानं काय बघितलं, काय लिहिलं, सगळं आपोआप पुसलं जायचं. मी रुमालाची वही ठेवत नव्हते. विसरला तर सरळ सांगायचे, नवा पत्ता काढा. चार शिव्या जास्त खाल्ल्या, पण कुणाचा शब्द माझ्याकडं राहिला नाही.

निवडणुकीच्या दिवसांत एक पुढारी दोन माणसं घेऊन आला. समोरच्या पार्टीचा एक जण माझ्याकडं बसून काय पाठवतो, ते त्याला हवं होतं.

"शोधा," मी म्हटलं. "हे मशीन, ही खुर्ची."

त्याच्या माणसानं बराच वेळ शोधलं. "सायेब, हितं तर कायच न्हाई."

"कुणी पुसलं?" पुढारी माझ्यावर गुरकावला.

"कुणी नाही. आमच्याकडं पावणं उठताना आपलं ताट आपणच धुतं."

"आन् तुमी? तुमी बघत न्हाई व्हय कोन काय करतंय?"

"एकदा दुसऱ्याला बघू दिलं होतं," मी म्हटलं. "पुरलं तेवढं."

*

आता शेवटचं.

दीड वर्षानं त्याच दवाखान्याची जाहिरात परत निघाली. जयश्री तोवर घरीच होती. तिच्या लग्नाची बोलणी दोन ठिकाणी सुरू होती, म्हणजे ही संधी गेली की संपलंच. ती आली, 'पावणं' म्हणून बसली, अर्ज केला. माझ्याशी कामापुरतं बोलली. तिचा नवा शब्द मला माहीत नव्हता. जुना माझ्या अजून लक्षात आहे, तो मी कुणाला सांगणार नाही.

पुढच्या बाजाराला सोपानराव एकटेच आले. बसले नाहीत.

"जयाचं काय चाललंय ते मला बघायचंय. उघडा."

"मला उघडता येत नाही."

"मशीन तुमचं हाय न्हवं?"

"मशीन माझं. पत्रं तिची."

"बाप हाय मी तिचा!" त्यांचा आवाज चढला. चहावाला वळून बघायला लागला. "संत्याला उघडून दिलं व्हतं तवा हे कुठं गेलं व्हतं?"

हे मात्र खोल लागलं. माझे डोळे भरून आले आणि त्याच दमात रागही आला. म्हटलं, "सोपानराव, सकाळी खिलार जोडी विकलीत ना? काय भाव ठरला?"

"त्ये कसं सांगीन? त्ये घेनाऱ्याचं आन् माझं."

  त्यांनी खांद्यावरचा टॉवेल सारखा केला आणि चहा न घेता निघून गेले. मी आठवडाभर नीट जेवले नाही. वाटलं, तत्त्व माझं आणि घरात ऐकून घेणार ती. दुसऱ्यांदा मीच तिचं वाटोळं केलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी दुकानासमोर टेम्पो थांबला. पुढून सोपानराव उतरले, मागोमाग जयश्री. गाडी संतोष चालवत होता. तोही उतरून पायरीपर्यंत आला.

"तू टेम्पोपाशी थांब," सोपानराव मागं न बघता म्हणाले.

जयश्री कोपऱ्यातल्या मशीनवर बसली. सोपानरावांनी शेजारी स्टूल ओढलं. मी काउंटरवरच बसले. ती हात पुढं करून थांबली, वडिलांकडं बघायला लागली, बोटं काही हलेनात.

सोपानरावांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, झटकला आणि अलगद तिच्या दोन्ही हातांवर टाकला, कीबोर्डसकट. मग स्टूल फिरवलं, तिच्याकडं आणि पडद्याकडं पाठ करून रस्त्याकडं तोंड केलं आणि गुडघ्यांवर हात ठेवून बसले.

टॉवेलखाली बोटं चालली. मग चालायची थांबली. तिनं दवाखान्याचं पत्र वाचलं, परत पहिल्यापासून वाचलं. 

सोपानरावांनी मान वळवली नाही. रस्त्याकडं बघतच विचारलं, "जमलं?"

"जमलं, आण्णा."

तेव्हा त्यांनी हात मागं नेला आणि टॉवेल उचलला.